सेल्मन वाक्समन

पायांखालच्या मातीला आपण क्षुद्र मानतों. परंतु क्षयरोगावर गुणकारी ठरलेलें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मातींतील सूक्ष्म जंतूंपासूनच मिळालें. त्या शोधाशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें, त्या सेल्मन वाक्समन यांचें चरित्र बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म १८८८ सालीं रशियन साम्राज्यांतील, आतां युक्रेन देशांत असलेल्या, एका खेड्यांत यहुदी कुटुंबांत झाला. झारच्या राज्यांत यहुद्यांना उच्च शिक्षण दुर्मिळ होतें; म्हणून १९१० सालीं ते अमेरिकेस गेले. तेथें रट्गर्स कॉलेजांत शेतकीचा अभ्यास करून मातींतील जंतूंचें संशोधन हेंच त्यांनीं आपलें जीवितकार्य ठरविलें.

मातींतील कांहीं जंतु इतर जंतूंचा नाश करणारीं द्रव्यें उत्पन्न करितात. तीं हुडकण्याचें काम त्यांच्या प्रयोगशाळेंत वर्षानुवर्षें चाललें. १९४३ सालीं त्यांचे तरुण शिष्य आल्बर्ट शाट्झ यांना तळघरांतील खोलींत प्रयोग करितां करितां स्ट्रेप्टोमायसिन गवसलें. पेनिसिलिनला दाद न देणारे क्षयाचे जंतु त्यापुढें हटले.

हें औषध पोटांत घेतल्यास आंतड्यांतून रक्तांत शोषलें जात नाहीं. म्हणून तें टोचून द्यावें लागतें. जंतूंची प्रथिनें घडविण्याची क्रिया तें बिघडवितें आणि शेवटीं मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. मूत्रपिंडें दुबळीं असल्यास तें शरीरांत सांठतें व अंतःकर्णास अपाय करून घेरी किंवा बहिरेपण आणूं शकतें. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील परीक्षेंत हें औषध दिलेल्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकीं १४. परंतु पुढें पुढें जंतु या औषधास जुमानीनासे झाले. तेव्हां जोडीला दुसरें औषध देण्याची आवश्यकता कळून आली.

कीर्तीच्या बाबतींतही असाच कडू अनुभव आला. श्रेय व धन यांत आपणांस योग्य वांटा मिळाला नाहीं, म्हणून १९५० सालीं शाट्झ यांनीं गुरूवरच फिर्याद केली. त्याच वर्षीं तडजोड होऊन ते सहशोधक ठरले. तरी १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांनाच मिळालें. औषधाच्या उत्पन्नांतून त्यांनीं रट्गर्स येथें सूक्ष्मजंतुशास्त्राची संस्था उभारली. १९७३ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, लक्षावधि रोग्यांना जीवदान देणाऱ्या या कार्याचें मोल मोठेंच आहे. परंतु मात्रा चुकल्यास औषधही अपाय करितें. त्याचप्रमाणें श्रेयाची वांटणी चुकल्यास थोर कार्यासही उणेपणा येतो.