गॅमा किरणांचे कोडे उलगडणारा मुंबईकर

प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर लेझरचे प्रकाशकण समोरून आदळवले, की ते कितीतरी पट अधिक ऊर्जा घेऊन मागे फिरतात. त्यातून हव्या त्या ऊर्जेचा गॅमा किरणांचा झोत मिळतो आणि अणुकेंद्रकाच्या अंतरंगाचा वेध घेता येतो. ही कल्पना १९६३ मध्ये पुढे आली. मात्र वेगवान इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण यांचे नाते उलगडण्याचे मोलाचे काम त्याच्या पाव शतक आधी एका मुंबईकर तरुणाने केले होते. त्यांचे नाव डॉ. होमी भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. त्यासाठी १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवण्यात आले. तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवण्याची वडिलांची अट त्यांनी १९३० मध्ये पूर्ण केली आणि मग आपली वाट धरली.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी मांडलेले गणित १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ही प्रक्रिया 'भाभा विकिरण' या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो, त्या किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती पुन्हा गॅमा किरण देते आणि एका कणातून असंख्य कण निर्माण होतात. उच्च ऊर्जेचे गॅमा किरण मोजणारी उपकरणे आजही याच तत्त्वावर बेतलेली असतात.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध भडकले. परतीचा मार्ग बंद झाल्याने ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात रुजू झाले. परदेशात मानाची जागा मिळणे त्यांना अवघड नव्हते. तरीही येथेच संशोधनाची परंपरा उभी करण्याचा निश्चय करून मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे संस्थेचा प्रस्ताव पाठवला. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था साकारली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा केंद्राची स्थापना झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली.

या उभारणीची किंमत त्यांच्यातील संशोधकाला मोजावी लागली. प्रशासनाच्या व्यापात स्वतःच्या संशोधनासाठी त्यांना फारसा वेळ उरला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.