बेंजामिन रॉबिन्स

बेंजामिन रॉबिन्स (१७०७ – २९ जुलै १७५१) हे अठराव्या शतकातील इंग्लिश गणितज्ञ, लष्करी अभियंते आणि आधुनिक तोफशास्त्राचे प्रवर्तक होते. बंदुकीच्या गोळीचा वेग आणि नळीची लांबी यांचा संबंध गणिताने मांडून तो प्रयोगाने पडताळण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

प्रारंभिक जीवन

रॉबिन्स यांचा जन्म इंग्लंडमधील बाथ येथे एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. शस्त्र निषिद्ध मानणाऱ्या या पंथात वाढलेल्या मुलाचे नाव पुढे तोफांशी जोडले गेले. गणितातील त्यांची गती पाहून त्यांना लंडनला पाठविण्यात आले. तेथे हेन्री पेंबर्टन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १७२७ मध्ये, ऐन तारुण्यात, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी गणिताच्या शिकवण्या केल्या. पूल, बंदरे व तटबंदी यांच्या बांधकामाचाही अभ्यास केला. १७३५ मध्ये त्यांनी न्यूटन यांच्या कलनपद्धतीच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला.

वुलिच येथील नकार

१७४१ मध्ये वुलिच येथे लष्करी अकादमी स्थापन झाली. तेथील तटबंदीशास्त्राच्या अध्यापकपदासाठी रॉबिन्स इच्छुक होते, परंतु नेमणूक दुसऱ्याची झाली. पंतप्रधान वॉलपोल यांच्या धोरणाविरुद्ध त्यांनी लिहिलेली पत्रके त्यांना भोवली, असे मानले जाते. अध्यापनासाठी केलेल्या तयारीतून त्यांनी १७४२ मध्ये 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

नळीची लांबी व गोळीचा वेग

दारू पेटताच तिचे वायूत रूपांतर होते आणि त्या वायूचा आरंभीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १,००० पट असतो, असे रॉबिन्स यांनी गृहीत धरले. गोळी नळीतून पुढे सरकते तशी वायूला अधिक जागा मिळते व दाब उतरतो. त्यामुळे नळीच्या प्रारंभीच्या भागात गोळीला सर्वाधिक गती मिळते आणि पुढच्या प्रत्येक इंचाचा लाभ घटत जातो. ४५ इंच लांब नळी, पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी आणि नळीची २ ५/८ इंच लांबी व्यापणारी दारू यांसाठी त्यांनी वेग सेकंदाला सुमारे १,६७० फूट काढला. त्यांच्याच नियमाने नळी दुप्पट लांब केली, तर वेग जेमतेम १२ टक्क्यांनी वाढतो. नळीतील घर्षण आणि उष्णतेची हानी त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

हा वेग मोजण्यासाठी त्यांनी टांगलेल्या लाकडी ठोकळ्याचा लंबक वापरला. गोळी ठोकळ्यात रुतली की लंबक मागे झुलतो. त्या झोक्यावरून गोळीचा वेग काढता येतो. हे साधन बॅलिस्टिक पेंडुलम म्हणून ओळखले जाते. त्याच्या साहाय्याने वेगवान गोळीला हवेचा होणारा प्रतिकार तत्कालीन समजुतीपेक्षा फार मोठा असतो, हे त्यांनी दाखविले. फिरणारी गोळी मार्गावरून का ढळते, याचाही त्यांनी शोध घेतला. १७४७ मध्ये त्यांनी आतून सर्पिल खाचा पाडलेल्या नळीचे महत्त्व प्रतिपादले.

मान्यता

लेओनार्ड ऑयलर यांनी या ग्रंथाचा विस्तृत टीपांसह जर्मन अनुवाद १७४५ मध्ये प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे, १७३९ मध्ये रॉबिन्स यांनी ऑयलर यांच्याच यंत्रशास्त्रावरील ग्रंथावर कठोर टीका केली होती. १७४६ मध्ये रॉयल सोसायटीने रॉबिन्स यांना कोपली पदक दिले.

भारतातील कार्य व मृत्यू

१७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली. त्याच वर्षी फ्रेंचांकडून मद्रास इंग्रजांना परत मिळाले होते आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील ठाण्यांची तटबंदी सुधारणे निकडीचे होते. १७५० मध्ये ते कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात पोहोचले. हा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडून विकत घेतला होता. तटबंदीचे आराखडे हाती असतानाच ते तापाने आजारी पडले आणि २९ जुलै १७५१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे गणितविषयक लेखन १७६१ मध्ये संकलित स्वरूपात प्रसिद्ध झाले.