नांगर घडविणारा मनुष्य : लक्ष्मणराव किर्लोस्कर

देव आपल्या जगातील चांगली कामे फक्त मंडळीच्या पटावरील लोकांकडूनच करून घेतो काय? पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. परदेशी कोरेश राजाच्या हातून देवाने आपल्या प्रजेची सुटका केली, आणि शेजारी कोण हे शिकविण्यासाठी प्रभूने शोमरोनी मनुष्याचे उदाहरण पुढे ठेवले. म्हणून ह्या महिन्यात आम्ही वाचकांपुढे अशा एका मराठी पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो, जो आपल्या विश्वासाचा नव्हता, आणि ज्याला कोणत्याही कर्मकांडात फारसा रस नव्हता. तरी त्याच्या कामाचे फळ आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या शेतापर्यंत पोहोचले आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लहानपणी पुस्तकापेक्षा चित्रे व यंत्रे ह्यांकडे त्यांचा ओढा अधिक. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु दोन वर्षांत असे आढळून आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला ह्याहून मोठा आघात कोणता? रंग गेले, पण रेषा राहिली. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास धरला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची जागा मिळविली. एक दार बंद झाले म्हणून ते उंबऱ्यावर रडत बसले नाहीत, ही गोष्ट आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

१८८८ साली त्यांनी व वडील बंधू रामूअण्णा ह्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत आणि लोकांना चालवावयास शिकवीत. पुढे तंत्रशाळेत बढतीची वेळ आली तेव्हा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन मनुष्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगाव गाठले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्याचे काम हाती घेतले.

नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. हे केवळ आपल्याकडचे अज्ञान असे कोणी समजू नये. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड ह्याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही हीच शंका काढली होती. लक्ष्मणरावांचे पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षांत सहा! शुभवर्तमानाचे बी पेरणाऱ्यांनीही हा हिशेब मनाशी करून पाहावा. एका पावसाळ्यात पीक दिसले नाही की आपण शेत सोडून निघतो. लूकच्या तेराव्या अध्यायातील माळ्याने मात्र अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले.

धंद्याला थोडे रूप येते न येते तोच शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, आणि किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचे वसतिस्थान व पाण्याचे दुर्भिक्ष. १९१० साली सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग तोडून वस्ती उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. इंग्लंडमधील कॅडबरी ह्या क्वेकर कुटुंबाने १८७९ साली आपला कारखाना बर्मिंगहॅम शहराबाहेर हलवून पुढे तेथे कामगारांसाठी गाव वसविले, तसाच हा प्रकार होता. फरक एवढाच की येथे गाठीला पैसा नव्हता.

ह्या वाडीतील लोक लक्ष्मणरावांना पपा म्हणत. मालकाला असे नाव केवळ पगाराने मिळत नसते. कामगारांची दुखणीखुपणी लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई ह्यांना घरच्यासारखी होती. त्या काळच्या गावात शिवाशीव हा रोजचा नियम असता, वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शाळेत फारसे न रमलेल्या तरुणांच्या हाती त्यांनी जबाबदारीची कामे दिली आणि ती माणसे त्या कामाच्या उंचीला पोहोचली. सर्वांत विशेष म्हणजे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसे त्यांनी वस्तीच्या राखणीस नेमली. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत, त्यांच्याच भरवशावर वाडी रात्री निजू लागली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. फिलेमोनास लिहिलेले पत्र आपण किती वेळा वाचले आहे! पळून गेलेला अनेसिम परत येतो, आणि त्याला बंधू म्हणून घरात घ्यावे अशी पौल विनंती करतो. मग तुरुंगातून सुटून आलेला एखादा मनुष्य रविवारी आपल्या उपासनेस आला, तर त्याला कोणत्या बाकावर जागा मिळते? त्याच्या हाती आपण मंदिराची किल्ली देऊ काय? आणि आपल्या मंडळ्यांत लग्न ठरविताना पूर्वीची जात अजून विचारली जाते की नाही? क्षमेचा उपदेश करणारे आपण, आणि माणसावर विश्वास टाकून दाखविणारा तो कारखानदार! ही तुलना आपल्याला बोचली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या, आणि त्या वितळवून नांगर करण्यात आले. यशयाचा दुसरा अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांना ह्यावर अधिक सांगावयास नको. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरामागून पंप, उसाचे चरक व डिझेल एंजिने आली. कारखान्याच्या माहितीसाठी निघालेल्या किर्लोस्कर खबर ह्या पत्रातून पुढे पुतणे शंकरराव ह्यांच्या हाती किर्लोस्कर हे नामांकित मासिक घडले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, कापसाच्या काळ्या जमिनीवर राबणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मुले कामाच्या शोधात दूरच्या शहरांकडे जातात, आणि मंडळीची बाके रिकामी होतात. ह्या मुलांसाठी आपण प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण आपल्यात दुकान, गिरणी वा लहानसा कारखाना चालविणारे बंधुभगिनी आहेत. एका मुलाला हाताशी धरून काम शिकविणे हीही देवाची सेवा आहे, हे व्यासपीठावरून सांगितले जाते काय? कारखान्याने कोणाचे तारण होत नाही. ते कृपेनेच होते. तथापि ज्याचे तारण झाले आहे त्याने शेजाऱ्याच्या पोटाची काळजी वाहू नये, असे कोठेही लिहिलेले नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची सूचना अशी : मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील रुपयांचा दाखला शिकविताना वरच्या वर्गाला ही हकीकत सांगावी. ज्याची रंगांची दृष्टी अधू होती, त्याने उरलेले पुरून ठेवले नाही. मग मुलांना विचारावे की तुमच्या हाती काय उरले आहे. त्यांची उत्तरे ऐकून घ्यावीत, आणि तोच प्रश्न घरी जाताना आपणही आपल्याला विचारावा.