शतांश सेकंदाचा धनी

होकायंत्राची सुई वळवायला पृथ्वीचे अर्ध्या गाउसचे चुंबकत्व पुरते. त्याच्या सहा लाख पट चुंबकीय क्षेत्र प्योत्र कापित्सा यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये निर्माण केले.

कापित्सांचा जन्म १८९४ मध्ये रशियातल्या क्रोनश्टाट या बंदरगावी झाला. १९१९-२० च्या हिवाळ्यात रोगराईने वडील, पत्नी आणि दोन्ही लेकरे हिरावून नेली. हे दुःख उरात घेऊन १९२१ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि रुदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रुजू झाले.

लोखंडी गाभ्याच्या चुंबकाच्या ताकदीला मर्यादा असते. नुसत्या तारेच्या वेटोळ्यातून प्रचंड प्रवाह सोडावा, तर वेटोळेच वितळते. कापित्सांनी नामी तोड काढली. प्रवाह सोडायचा, पण शतांश सेकंदापुरताच! त्यासाठी अवजड जनित्र पूर्ण वेगात फिरवून एकदम शॉर्टसर्किट करायचे. सणसर-भवानीनगरच्या मंडळींनी साखर कारखान्यातली फिरती यंत्रे पाहिली आहेत. असले धूड एकाएकी अडखळले तर जमीन हादरणारच. म्हणून वेटोळे २० मीटर दूर ठेवले. जमिनीतून हादरा तिथवर पोचेपर्यंत मोजमाप आटोपलेले असे.

१९३४ मध्ये मायदेशी भेटीला गेलेल्या कापित्सांना सोव्हिएत सरकारने परत जाऊ दिले नाही. पत्नी अ‍ॅना मुलांसाठी केंब्रिजला परतल्या. अखेर रुदरफर्ड यांच्या मध्यस्थीने ती यंत्रसामग्री ३० हजार पौंडांना मॉस्कोला विकली गेली. पुढे कुटुंबही तिकडे गेले.

यंत्रे विकत मिळाली, माणूस मात्र विकला गेला नाही. १९३८ मध्ये तरुण शास्त्रज्ञ लेव्ह लांडाउ यांना अटक झाली. त्या काळात अटकेतल्या माणसाची ओळख दाखवणेही धोक्याचे होते. कापित्सांनी थेट स्टालिनला पत्र लिहिले आणि पुढे लांडाउंना चक्क जामीन राहिले. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला जामीनकीची जोखीम ठाऊक आहे. पण इथे तारण स्वतःच्या जिवाचे होते. वर्षभराने लांडाउ सुटले.

अणुबॉम्बच्या कामात पोलीसप्रमुख बेरियाशी बिनसले आणि १९४६ मध्ये कापित्सांचे संचालकपद गेले. तेव्हा त्यांनी गावाबाहेरच्या घरीच छोटी प्रयोगशाळा थाटली. १९५५ मध्ये संस्था परत मिळाली. १९७८ मध्ये, ८४ व्या वर्षी, अतिशीत तापमानावरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. १९८४ मध्ये ते वारले.

ज्यांच्यासाठी ते जामीन राहिले होते, त्या लांडाउंना नोबेल मिळाले ते त्यांच्याआधी १६ वर्षे, १९६२ मध्ये.