निसर्गाचा अभ्यासक : अलेक्झांडर हंबोल्ट

एखादे झाड एका ठिकाणी जोमाने वाढते आणि तेच झाड दुसऱ्या ठिकाणी वाळून जाते. असे का होते? अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले. त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव अलेक्झांडर फॉन हंबोल्ट.

हंबोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी जर्मनीतील बर्लिन येथे झाला. घर श्रीमंत होते. परंतु ते नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. लहानपणी त्यांना रानात भटकण्याची फार आवड होती. ते पाने, फुले, किडे व शंख गोळा करून घरी आणत.

मोठेपणी ते खाणींवर अधिकारी झाले. खाणीत सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तरीही तेथे काही वनस्पती वाढतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी त्या वनस्पतींचा अभ्यास केला व १७९३ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

१७९६ साली त्यांची आई वारली. वारशाने त्यांना पुष्कळ पैसा मिळाला. त्यांनी नोकरी सोडली व तो पैसा प्रवासासाठी खर्च करायचे ठरवले. जून १७९९ मध्ये बोंप्लां या फ्रेंच मित्राबरोबर ते दक्षिण अमेरिकेला निघाले.

१८०० साली ते व्हॅलेन्सिया सरोवराजवळ पोहोचले. हे सरोवर आजच्या व्हेनेझुएला देशात आहे. त्याचे पाणी वर्षानुवर्षे कमी होत होते. पाणी जमिनीखालून कोठेतरी वाहून जाते, असे लोकांना वाटे. हंबोल्ट यांनी नीट पाहणी केली, तेव्हा खरे कारण कळले. शेतीसाठी लोकांनी डोंगरावरील झाडे तोडली होती आणि ओढ्यांचे पाणीही शेतांकडे वळवले होते. सावली गेल्यामुळे जमीन तापू लागली. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वेगाने वाहून जाऊ लागले व त्याबरोबर मातीही जाऊ लागली. झरे आटले. माती, पाणी व हवा यांवर झाडे अवलंबून असतात, तशीच माती, पाणी व हवा हीदेखील झाडांवर अवलंबून असतात, हे त्यांनी ओळखले.

२३ जून १८०२ रोजी ते चिंबोराझो पर्वत चढू लागले. त्या काळी तो जगातील सर्वांत उंच पर्वत मानला जाई. हिमरेषेजवळ बहुतेक वाटाडे मागे फिरले. हंबोल्ट यांचे हात दगडांनी सोलवटले. विरळ हवेमुळे चक्कर येऊ लागली. तरीही ते थांबून थांबून हवेचे तापमान व दाब मोजत राहिले. सुमारे ५,९०० मीटर उंचीवर एक खोल दरी आडवी आली, म्हणून त्यांना परतावे लागले. शिखर हुकले, पण हाती मोठे ज्ञान आले. पायथ्याच्या उष्ण प्रदेशात ताडासारखी झाडे होती. वर गेल्यावर थंड हवेतील झाडे दिसली, त्याहून वर फक्त गवत आणि शेवटी खडकांवर दगडफूल. उंचीप्रमाणे हवामान बदलते आणि हवामानाप्रमाणे वनस्पती बदलतात!

१८०४ साली ते युरोपात परतले. १८०७ साली त्यांनी या पर्वताचे मोठे चित्र प्रसिद्ध केले. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती वाढते, हे त्यात दाखवले होते.

हिमालय पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. पण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परवानगी दिली नाही. ते निराश झाले नाहीत. १८२९ साली, वयाच्या साठीत, त्यांनी रशियाचा दूरवरचा प्रवास केला. प्रवास व ग्रंथ यांत त्यांची सारी संपत्ती संपली. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

प्रकाश, उष्णता, पाणी, हवा व माती हे निर्जीव घटक. वनस्पती, प्राणी व माणूस हे सजीव घटक. हे सर्व एकमेकांशी बांधलेले आहेत. एक धागा तुटला, तर सर्वांनाच त्याची झळ बसते. हंबोल्ट यांचे जीवन आपल्याला हेच शिकवते.

स्वाध्याय
१. व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी का कमी होत होते?
२. चिंबोराझो पर्वतावर उंचीप्रमाणे वनस्पती कशा बदलत गेल्या?
३. तुमच्या परिसरातील एका झाडाचे निरीक्षण करा व त्याला कोणकोणत्या गोष्टींची गरज असते, ते पाच वाक्यांत लिहा.