कुलपाचा कारागीर : जोसेफ ब्रामा

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले, तेव्हा आमच्या भात्यापुढे एक शेतकरी काका चिंतातुर चेहऱ्याने बसले होते. त्यांच्या भावकीतल्या एकाची ट्रॅक्टरची ट्रॉली रात्रीतून खळ्यावरून नाहीशी झाली होती. ट्रॅक्टर दारात उभा, त्याची किल्ली मालकाच्या उशाखाली, आणि ट्रॉली मात्र गेलेली! विचार केला तर यात नवल काहीच नाही. ट्रॉलीला ना इंजिन, ना किल्ली. कोणीही दुसरा ट्रॅक्टर आणावा, दांडी जुळवावी, पिन टाकावी आणि चालू लागावे. म्हणून त्या काकांना आपल्या ट्रॉलीचे चाकच जखडून टाकणारे काहीतरी हवे होते.

आमच्या अण्णांनी दोन दिवसांत जाड लोखंडी पट्टीची एक पकड तयार केली. ती चाकाला दोन्ही अंगांनी कवटाळते, चाकाच्या भोकातून एक गज आरपार जातो आणि त्याच्या टोकाला कुलूप लागते. पकड तर उत्तम झाली. पण कुलूप कोणते लावायचे, यावर बराच वेळ चर्चा चालली. कारण पकड कितीही भक्कम असली तरी तिचा सारा भार शेवटी त्या मूठभर कुलपावरच असतो.

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी कॉलेजात परतले. विलायतेत मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची लहान घरे असतात, तिथेही हीच पंचाईत आहे. अशा घरांच्या चाकांना खास कुलपे लावतात आणि कित्येक विमा कंपन्या त्यांचा आग्रहही धरतात, असे वाचनात आले. त्यांतील पुष्कळ कुलपांची किल्ली आपल्या नेहमीच्या किल्लीसारखी चपटी नसते. ती एखाद्या लहान नळीसारखी गोल असते. आपल्याकडे काही मोटारसायकलींच्या व सायकलींच्या कुलपांना अशी किल्ली दिसते. नळीच्या तोंडावर खाचा पाडून त्यांच्या साहाय्याने कुलूप उघडण्याची ही युक्ती कोणाची, हे शोधता शोधता मी एका लंगड्या सुतारापर्यंत येऊन पोहोचले. त्याचे नाव जोसेफ ब्रामा.

ब्रामाचा जन्म एप्रिल १७४८ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, बार्न्सलेजवळच्या स्टेनबरो येथे झाला. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे शेतकरी. मुलानेही नांगरच धरायचा हे ठरलेले होते. गावच्या शाळेत जेमतेम शिक्षण झाले. फावल्या वेळात तो लाकूड कोरून वाद्ये तयार करी, असे सांगतात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पायाला मोठी दुखापत झाली आणि तो कायमचा अधू झाला. शेतीच्या कामाला निरुपयोगी ठरलेल्या या मुलाला घरच्यांनी गावातल्या सुताराकडे उमेदवारीला ठेवले. एका दृष्टीने पाहता ही आपत्तीच त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

उमेदवारी संपल्यावर त्याने लंडनची वाट धरली. तीही पायी! अधू पायाचा तरुण एवढे अंतर तोडून राजधानीत जातो, यातच त्याच्या स्वभावाची जात कळून येते. लंडनमध्ये त्याला सुतारकाम मिळाले. त्या काळी श्रीमंतांच्या घरी पाण्याने धुतले जाणारे नव्या पद्धतीचे संडास बसू लागले होते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली त्याचे पेटंट घेतले होते. ते बसवण्याचे काम ब्रामाकडे येई. बसवता बसवता त्याच्या लक्षात आले की, त्यातली सरकती झडप थंडीत गोठून अडकते. त्याने बिजागरीवर हलणारी झडप बसवली आणि १७७८ मध्ये स्वतःचे पेटंट मिळवले. जे काम इतरांना हलके वाटावे, त्यातूनच त्याने स्वतःचा कारखाना उभा केला.

आता कुलपाकडे वळू. अठराव्या शतकातील बहुतेक कुलपे आतून अगदी भोळी असत. किल्लीची वाट अडवण्यासाठी आत काही पत्रे उभे केलेले असत आणि त्या पत्र्यांना चुकवता येईल अशा खाचा किल्लीला असत. चोराने किल्लीचा मधला भाग घासून काढून टाकला आणि नुसते टोक ठेवले की, पत्रे कसेही असोत, कुलूप उघडलेच. १७७८ साली रॉबर्ट बॅरन याने एक सुधारणा केली. त्याच्या कुलपातील तरफ किल्लीने नेमकी ठराविक उंचीपर्यंत उचलावी लागे. कमी नाही आणि जास्तही नाही. ब्रामाने या विचाराला पुढे नेले आणि १७८४ मध्ये आपल्या कुलपाचे पेटंट घेतले.

या कुलपाची रचना समजायला फारशी अवघड नाही. मध्ये एक गोल नळकांडे असते. त्याच्या भोवती वर्तुळात लांबट पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगने त्या वर दाबून धरलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी. नळकांड्याला एक स्थिर कडी घेरून असते. किल्लीच्या नळीच्या तोंडावर कमीअधिक खोलीच्या चिरा असतात. किल्ली आत दाबली की प्रत्येक पट्टी आपापल्या चिरेच्या मापाने खाली जाते. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा त्या कडीच्या रेषेत आल्या, तरच नळकांडे फिरते. एक पट्टी केसभर कमी किंवा जास्त गेली तरी सारे अडते. म्हणजे चोराला एक कोडे सोडवून भागत नाही. जितक्या पट्ट्या तितकी कोडी, आणि ती सगळी एकाच वेळी सोडवायची!

कल्पना अशी सुंदर होती. पण ती हातात आणायची कशी? इतकी बारीक मापे हाताने कानस घासून साधणे चांगल्या कारागिरालाही कठीण जाई. एकेक कुलूप तयार होण्यास फार वेळ लागे आणि किंमत भारी पडे. इथे या कथेत दुसरा माणूस येतो, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोठा आहे.

हेन्री मॉड्स्ले हा वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात हातोडा मारून तयार झालेला पोरगा. १७८९ मध्ये तो ब्रामाकडे आला, तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. इतक्या कोवळ्या पोराला काम द्यावे की नाही, असा प्रश्न पडला. तेव्हा कोपऱ्यातला एक झिजलेला व्हाइस त्याच्यापुढे ठेवण्यात आला. संध्याकाळपर्यंत त्याने त्याचे जबडे नव्या पोलादाचे करून, घासूनपुसून ठेवले आणि त्याची जागा पक्की झाली, अशी कथा सांगतात. पुढे याच मॉड्स्लेने कुलपाचे सुटे भाग कापणारी, चिरा पाडणारी व स्प्रिंगा गुंडाळणारी यंत्रे उभी करण्यात मोलाचा वाटा उचलला. हाताच्या कसबावर अवलंबून असलेले काम यंत्राच्या अचूकतेवर गेले. त्यांतील काही यंत्रे आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहेत.

१७९० च्या सुमारास पिकॅडिलीतील १२४ क्रमांकाच्या दुकानाच्या खिडकीत ब्रामाने एक कुलूप ठेवले. त्यात अठरा पट्ट्या होत्या. ते किल्लीशिवाय उघडण्याचे साधन जो कोणी तयार करील त्याला तत्काळ दोनशे गिनी मिळतील, असे जाहीर आव्हान त्यासोबत होते. हे कुलूप मॉड्स्लेच्या हातचे होते. वर्षांमागून वर्षे गेली. कुलूप तसेच राहिले.

ब्रामाची बुद्धी एका जागी थांबणारी नव्हती. १७९५ मध्ये त्याने जलदाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. लहान नळीतल्या पाण्यावर थोडे बळ लावावे आणि मोठ्या नळीतल्या दट्ट्यावर ते कित्येक पटींनी मिळावे, हे पास्कलचे तत्त्व त्याने कामाला जुंपले. आपल्याकडे विदर्भ-खानदेशात कापसाच्या गाठी दाबणारे जे प्रेस आहेत, त्यांचे मूळ इथे सापडते. या यंत्रात दट्ट्याभोवतीचे पाणी गळू नये म्हणून वापरलेले चामड्याचे कडे ही सूझही मॉड्स्लेचीच असे मानले जाते. पाण्याचा दाब जितका वाढेल तितके ते कडे अधिक घट्ट बसे. याशिवाय तळघरातील पिंपातून बिअर वर खेचणारा पंप, लाकूड रंधणारे यंत्र, १८०६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र, असे कितीतरी शोध त्याच्या नावावर आहेत.

पण याच थोर माणसाची एक गोष्ट मला अजून खटकते. मॉड्स्ले आता कारखान्याचा मुख्य झाला होता. त्याचे लग्न झाले होते, संसार वाढत होता. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती नाकारली. मॉड्स्ले निघून गेला आणि त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले. मी सहज हिशेब करून पाहिला. खिडकीतल्या पैजेचे दोनशे गिनी म्हणजे दोनशे दहा पौंड, म्हणजे बेचाळीसशे शिलिंग. आठवड्याला तीस या दराने मॉड्स्लेचा एकशे चाळीस आठवड्यांचा, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळाचा पगार! कुलूप फोडणाऱ्यासाठी एवढी रक्कम राखून ठेवलेली होती. ते घडवणाऱ्यासाठी चार शिलिंग जास्त निघाले नाहीत. तिजोऱ्यांची राखण करणाऱ्या माणसाला आपल्या घरचे सर्वांत मोलाचे धन राखता आले नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मॉड्स्लेचे मात्र अडले नाही. स्क्रू अचूक कापणारे त्याचे लेथ प्रसिद्ध झाले. पोर्टस्मथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या तयार करणारी यंत्रे त्याने बांधली. नॅस्मिथ, व्हिटवर्थ, रॉबर्ट्स यांसारखे पुढचे नामांकित यंत्रकार त्याच्या कारखान्यात काम करून गेले.

ब्रामाचा शेवटही कामावरच झाला म्हणायचा. त्याच्या जलदाब यंत्राने हँपशायरमधील होल्ट फॉरेस्ट येथे झाडे मुळासकट उपटण्याचे काम चालले होते. त्यावर देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला. खिडकीतले कुलूप तेव्हाही मिटलेलेच होते.

ते उघडले १८५१ साली. लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेला आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ पुढे सरसावला. त्याने आधी चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपल्यावर ते उघडले. पंचांनी दोनशे गिनी त्याला देवविल्या. इंग्लंडभर खळबळ उडाली. साठ वर्षांचा विश्वास एका पंधरवड्यात ढासळला, असे लोकांना वाटले.

मला मात्र यात ब्रामाचा पराभव दिसत नाही. कोणत्या चोराला दुकानाच्या आत बसून, हवी ती अवजारे जोडून, सोळा दिवस मिळतात? कुलूप चोराला कायमचे थांबवत नाही. ते त्याचा वेळ खाते. आणि चोराजवळ नसतो तो वेळच. ट्रॉलीच्या चाकाच्या कुलपाचे कामही एवढेच आहे. पण हेही विसरू नये की, नुसते रूप घेऊन गुण येत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत असे उघडकीस आले की, नळीच्या किल्लीची सायकलची काही महागडी कुलपे बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात! किल्ली ब्रामाच्या किल्लीसारखी गोल होती; पण आतली रचना निराळी आणि घडणीत ती काटेकोर मापे नव्हती. ब्रामाचे कुलूप टिकले ते गोल किल्लीमुळे नव्हे. ते टिकले मॉड्स्लेच्या यंत्रांनी राखलेल्या केसभर मापांमुळे.

म्हणूनच या चरित्राच्या शेवटी मला दोघांनाही नमस्कार करावासा वाटतो. कुलपावर नाव ब्रामाचे आहे आणि ते असायलाही हवे. कल्पना त्याची होती, धाडस त्याचे होते. पण पकडीवर आमच्या अण्णांचेही नाव नाही, आणि ती पट्टी तापलेली असताना समोरून घण घालणाऱ्या आमच्या आईचे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. गावात सगळे म्हणतात, अण्णांनी केले. मीही आजवर तसेच म्हणत आले. मॉड्स्लेची गोष्ट वाचल्यानंतर तसे म्हणताना माझी जीभ अडखळते.

सुटी संपवून निघताना त्या काकांनी ट्रॉलीला पकड लावलेली मी पाहिली. कुलूप चांगल्यापैकी घेतले होते. चाक जागच्या जागी होते.