पुसण्याचीही किंमत असते

फळा पुसायला श्रम पडतात. गणकयंत्रातील माहिती पुसणे मात्र फुकट होते काय? रोल्फ लँडाउअर यांनी या प्रश्नाचा छडा लावला. १९२७ साली श्टुटगार्ट येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले लँडाउअर १९३८ मध्ये नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आले आणि १९५२ पासून आयबीएममध्ये संशोधन करू लागले. माहितीचा एक बिट पुसला की ठरावीक किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, असे त्यांनी १९६१ मध्ये प्रतिपादन केले. ही किंमत अत्यल्प, पण शून्य नव्हे. त्यावर वाद पुष्कळ झाले. १९९९ मध्ये ते निवर्तले. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथील प्रयोगाने त्यांच्या सिद्धान्ताला पुष्टी दिली. आजची यंत्रे या किमान खर्चाच्या कित्येक पट वीज जाळतात. ही उधळपट्टी निसर्गाने लादलेली नव्हे. ती आपली आहे, आणि म्हणूनच पुष्कळशी टाळता येण्याजोगी आहे.